आमची वाटचाल : एका ड्रायव्हरला साजेशी पेटी शोधताना

हिंगणघाट तालुक्यातील आमच्या गावी वडिलांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते आणि त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत आमचा स्पीकर बनवण्याचा व्यवसाय सुरू झाला. सुरुवातीला सुतारकाम करणारे काकाजी आणि मी असे दोघेच होतो. आज आम्ही पाच जण आहोत. ड्रायव्हर म्हणजे स्पीकरमधला प्रत्यक्ष आवाज काढणारा भाग, ज्याचा कोन (पुढचा पडदा) थरथरतो. आम्ही पहिल्यापासून फुल-रेंज ड्रायव्हरच वापरतो, म्हणजे खर्जापासून तारस्वरापर्यंतचा सगळा आवाज एकाच कोनमधून येतो. दोन ड्रायव्हरांच्या स्पीकरमध्ये बहुधा दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास आवाजाची वाटणी होते आणि नेमकी तिथेच माणसाच्या बोलण्यातील व्यंजनांची स्पष्टता असते. आमचे बहुतेक ग्राहक भजन, कीर्तन आणि रेडिओ ऐकणारे. गायकाचा शब्द आणि खंजिरीची थाप एकाच ठिकाणाहून यावी, हा माझा आग्रह आजही कायम आहे.

ड्रायव्हर आम्ही विकत आणतो, तो बसवायची लाकडी पेटी मात्र आमची असते. म्हणून पेटीची निवड हाच आमच्या व्यवसायाचा खरा इतिहास आहे.

पहिली पेटी सागवानी फळ्यांची होती, कारण बल्लारशाकडचे सागवान मिळत होते आणि काकाजींचा हात त्यावर बसलेला होता. आकार आम्ही नजरेच्या अंदाजाने ठरवला : चार इंची ड्रायव्हरसाठी जेमतेम तीन लिटरची बंद पेटी. गावातील भजनी मंडळाच्या बुवांनी ती ऐकली आणि स्पष्ट सांगितले, "भाऊ, आवाज डब्ब्यातून आल्यासारखा वाटते." त्यांचे म्हणणे तंतोतंत बरोबर होते, पण का बरोबर होते हे कळायला मला एक वर्ष लागले. दरम्यान वैशाख आला, पारा 45 अंशांपुढे गेला, रुंद फळ्या आकसल्या आणि सांध्यांतून हवा फुसफुसू लागली. बंद पेटी खरोखर बंद नसेल, तर तिचे सगळे गणितच कोसळते. तेव्हापासून आम्ही आडव्या-उभ्या थरांमुळे न आकसणारे 18 मिलिमीटरचे प्लायवूड वापरतो आणि सागवान फक्त वरच्या पातळ पापुद्र्यापुरते ठेवतो. प्रत्येक बंद पेटीचा कोन बोटांनी हळूच आत दाबून तो सावकाश परत येतो की झटकन, हेही पाहतो. झटकन आला, तर सांध्याजवळ पेटती उदबत्ती धरून धूर कुठे हलतो ते शोधायचे.

गणिताचा रस्ता दाखवला तो नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या दोन अभियंत्यांच्या कामाने. थील यांनी 1961 साली ऑस्ट्रेलियात पोर्टच्या, म्हणजे हवा आतबाहेर जायला आखूड नळी बसवलेल्या, पेट्यांचे विश्लेषण मांडले आणि स्मॉल यांनी 1970 च्या दशकात ते पुढे नेले. त्यांच्यामुळे ड्रायव्हरच्या माहितीपत्रकावरील तीन आकड्यांतून पेटीचा स्वभाव आधीच कळतो. आमच्या ड्रायव्हरची मूळ कंपनसंख्या 80 हर्ट्झ, एकूण क्यू (कोनचे थरथरणे किती लवकर थांबते याचा आकडा) 0.45 आणि त्याच्या लवचिकपणाइतकी हवा 12 लिटर. या हवेला पेटीच्या घनफळाने भागायचे, त्यात एक मिळवायचा, वर्गमूळ काढून क्यूने गुणायचे. तीन लिटरच्या पेटीत उत्तर, म्हणजे पेटीसह ड्रायव्हरचा क्यू, जवळपास 1 येते, म्हणजे 250 हर्ट्झच्या आसपास सव्वा डेसिबलचा फुगवटा आणि 180 च्या खाली उतार. बुवांना ऐकू आलेला डब्बा तो हाच. उत्तर 0.707 यावे यासाठी सव्वाआठ लिटर लागतात. फुगवटा जातो, पण 126 हर्ट्झलाच आवाज तीन डेसिबलने खाली येतो आणि तबल्याचा डग्गा अर्धाच राहतो.

मग आम्ही नळीच्या पेटीकडे वळलो. पॉल व्हॉइट यांनी 1930 च्या दशकात हाताळलेली पाव तरंगलांबीच्या नळीची कल्पना मला फार आवडली होती आणि आजही आवडते. 65 हर्ट्झसाठी ध्वनीचा वेग, सेकंदाला 344 मीटर, 65 च्या चौपटीने भागला की एक मीटर 32 सेंटिमीटर लांबीची सरळ नळी येते. ती पेटीत दुमडता येते. तिचा खर्ज मोकळा होता. पण नळी तिप्पट आणि पाचपट कंपनांनाही साद देते; ती दाबण्यासाठी ड्रायव्हर नळीच्या साधारण एक-तृतीयांशावर बसवावा लागतो आणि आत आवाज शोषणारे भरण घालावे लागते. दोन जोड्या विकल्या गेल्या. प्लायवूड दुप्पट लागले, एसटीतून नेणे अशक्य झाले आणि जमिनीवर ठेवलेल्या एका पेटीला पावसाळ्यात वाळवी लागली.

पोर्टच्या पेटीवर आम्ही स्थिरावलो, ते ड्रायव्हरच्या आकड्यांनी सांगितले म्हणून. मूळ कंपनसंख्येला विद्युत क्यूने (चुंबक आणि कॉइल कोनला किती आवरतात याचा आकडा), म्हणजे 80 ला 0.5 ने, भागले की 160 येतात. उत्तर 50 च्या खाली असेल तर बंद पेटी, शंभराच्या आसपास किंवा वर असेल तर पोर्ट, असा साधा आडाखा आहे. दहा लिटरची पेटी 65 हर्ट्झला जुळवण्यासाठी आम्ही शेतातील पाइपलाइनचा 63 मिलिमीटरचा पीव्हीसी तुकडा वापरला. आतला व्यास सुमारे 58 मिलिमीटर धरला तर लांबी साडेचौदा सेंटिमीटर येते. डग्गा परत आला. उन्हाळ्यात 45 अंशांना ध्वनीचा वेग वाढून हीच पेटी 68 च्या जवळ जुळते, पण तेवढा फरक कानाला खटकत नाही. एक धोका मात्र मी प्रत्येक ग्राहकाला सांगतो : जुळणीच्या खाली पोर्टची पेटी कोनला आवरत नाही, म्हणून मोठ्या आवाजात लावायची असेल तर खोल खर्ज कमी करावा किंवा पोर्टमध्ये फोमचा बोळा बसवावा.

भरणाबाबत आमचा भाग कापसाचा, म्हणून पिंजाऱ्याकडून पिंजलेली रुई आणून भरली. ऐकायला ती उत्तम होती. पण पावसाळ्यात ती ओलावा धरून खाली बसली आणि एका पेटीत किडे निघाले. आता आम्ही पॉलिस्टरचे तंतू वापरतो, पोर्टचे तोंड मोकळे ठेवून, फक्त मागच्या आणि बाजूच्या भिंतींना.

सर्वांत उशिरा कळली ती घराची बाब. वीस सेंटिमीटर रुंदीच्या पेटीसमोर साधारण 575 हर्ट्झच्या वरचा आवाज पुढेच जातो, खालचा चहूकडे पसरतो, आणि खोलीच्या मधोमध ठेवलेला स्पीकर त्यामुळे बारीक वाटतो. आमच्याकडे मात्र स्पीकर मधोमध कोणी ठेवत नाही. तो ओसरीतील भिंतीवरच्या फळीवर जातो आणि भिंत तो खर्ज बऱ्याच अंशी परत देते. म्हणून हा बारीकपणा घालवण्यासाठी कॉइल आणि रेझिस्टर लावून करायची दुरुस्ती आम्ही अर्ध्यावर आणली आणि पोर्ट मागून पुढे घेतला.

सध्या शेजारच्या गावाच्या प्रार्थना मंदिरासाठी काम चालू आहे. तिथे टिनाचे छत आहे, आवाज घुमतो आणि आणलेल्या ड्रायव्हरचा क्यू 0.7 च्या वर आहे, त्यामुळे त्याला पोर्ट चालणार नाही. काकाजींनी काल मागची बाजू उघडी ठेवलेली एक पाटी कापली. मंगळवारच्या सायंप्रार्थनेला ती आम्ही तिथे लावून ऐकणार आहोत आणि तोपर्यंत मोठ्या बंद पेटीसाठीची फळी कापायची नाही, असे ठरले आहे.