ॲशबोर्नचा डायोरामा, नोंद चौथी : चर की बांध, आणि एकाच साच्यातली डोकी

मंडळी, मागच्या नोंदीच्या शेवटी "महिन्याभरात उरकतो" असं मी लिहिलं होतं. त्याला चार महिने झाले. मधे एक पार्सल कस्टममध्ये अडकलं आणि एअरब्रशची सुई वाकली. पण खरा उशीर झाला तो एका शब्दामुळे. ते पुढे सांगतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी विषय थोडक्यात. डायोरामा म्हणजे छोट्या प्रतिकृतींनी उभा केलेला देखावा, आणि माझा देखावा एका लढाईचा. २८ एप्रिल १९१६, शुक्रवार. डब्लिनमधला ब्रिटिश सत्तेविरुद्धचा ईस्टरचा उठाव शेवटच्या घटका मोजतोय, बंडखोरांचं ठाणं असलेली जीपीओची (मुख्य पोस्टाची) इमारत पेटलीय. त्याच दिवशी शहराच्या उत्तरेला, मीथ काउंटीतल्या ॲशबोर्न गावाजवळच्या रॅथ चौकात बंडखोर थॉमस ॲशच्या फिंगल बटालियनची रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीशी, म्हणजे सरकारी पोलीस दलाशी (आरआयसीशी) गाठ पडली. ॲशची माणसं, म्हणजे आयरिश व्हॉलंटिअर्स, जेमतेम पंचेचाळीस, सगळे सायकलवर. पोलीस पंचावन्न-साठ, स्लेनकडून आलेल्या पंधरा-सतरा मोटारींत. गोळीबार पाच तासांहून जास्त चालला आणि शरण आले ते पोलीस. त्या आठवड्यात आयर्लंडभर व्हॉलंटिअर्सना असं निखळ यश क्वचितच मिळालं, म्हणून मी हा विषय धरला. डब्लिनची जळकी इमारत सगळेच करतात.

स्केल १/७२. पाया ६० बाय ४० सेंटिमीटर, म्हणजे प्रत्यक्षात ४३ मीटर बाय २९ मीटरचा तुकडा. एवढ्यात पंधरा मोटारींची रांग मावणं शक्यच नाही. ताफ्याचं फक्त तोंड दाखवायचं ठरवलं. चार मोटारी, त्यातली चौथी अर्धी कापून पायाच्या कडेला, म्हणजे मागे आणखी आहेत हे बघणाऱ्याला कळेल. फोर्ड मॉडेल टीची दोन किटं होती, उरलेल्या दोन मोटारी प्लास्टिक शीट आणि भंगाराच्या डब्यातून. काचा अजून नीट जमलेल्या नाहीत. पारदर्शक फाइलचं कव्हर कापून बसवलं तर सायनोचा (झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा) धूर बसून काच दुधाळ होते. कुणी फेविकॉलने चिकटवून बघितलंय का?

आता तो शब्द. लढाईत भाग घेतलेल्या अनेकांच्या साक्षी आयर्लंडच्या लष्करी इतिहास विभागाने १९४७ ते १९५७ या काळात नोंदवून घेतल्या. फक्त या लढाईच्या नव्हे, त्या सगळ्या काळाच्या मिळून १,७७३ जबान्या आहेत, फुकट वाचता येतात. मी ॲशबोर्नच्याच वाचत होतो. तिथे वारंवार येतं की माणसं रस्त्याकडेच्या "डिच"मध्ये, "डिच"मागे. डिच म्हणजे चर, असं गृहीत धरून मी थर्माकोलमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना छान दीड सेंटिमीटर खोल चर कोरला, आत चहाच्या चोथ्याचा चिखल केला, वर रेझिनचं पाणीही ओतलं. नंतर कळलं की आयर्लंडच्या बोलीत डिच म्हणजे बऱ्याचदा बांध! मातीचा उंचवटा, त्यावर काटेरी कुंपण, पायथ्याशी जमलं तर एखादा ओहोळ. आपल्याकडे कुठलाही शेतकरी बांध आणि चर यांत गल्लत करणार नाही, आणि मी इंग्रजी शब्दकोशाच्या भरवशावर दोन रविवार खणत बसलो. रेझिन निघता निघेना. शेवटी एका बाजूचा चर तसाच अरुंद करून ठेवला, दुसरा पीओपीने बुजवला आणि दोन्हीकडे दोन-सव्वादोन सेंटिमीटरचे बांध उभे केले. म्हणजे साधारण दीड मीटर.

त्या चुकीने माझी मात्र सोय झाली. बांध उभे राहिल्यावर मला ही लढाई पहिल्यांदा कळली. तोवर नकाशात बघून वाटायचं, मोकळा रस्ता, दोन्हीकडून गोळीबार, पाच तास कसे लागले? पायाला डोळा टेकवून, २४ मिलिमीटरच्या माणसाच्या उंचीवरून बघितलं तर पलीकडचं काहीच दिसत नाही. कुंपणामागे कोण आहे, किती आहेत, कुणाला पत्ता नाही. मोटारींचा ताफा दिसला तेव्हा ॲशला पहिल्यांदा माघार घ्यावीशी वाटली, ती समोर किती लोक आहेत हे न कळल्यामुळेच. त्याचा सहकारी रिचर्ड मल्काहीने आग्रह धरला की थांबायचं, हे पोलीस रस्त्यात अडकलेत. त्याने काही जणांना चौकाशी धरून ठेवलं आणि बाकीच्यांना शेतांतून वळसा घालून ताफ्याच्या मागच्या बाजूला धाडलं. त्या धांदलीत व्हॉलंटिअर्सपैकीच फ्रँक लॉलेस मदतीला माणसं घेऊन आला, तर त्याच्या मुलाच्या, जोसेफच्या, तुकडीला ते पोलीस वाटले आणि आपल्याच माणसांची आपल्याच माणसांशी चकमक झाली. बाप-लेक कुंपणाच्या दोन बाजूंना! नकाशावर असल्या गोष्टी खोट्या वाटतात, बांध उभा केला की पटतात.

मल्काही मूळचा पोस्टाच्या तारखात्यातला. सोमवारी त्याला डब्लिनजवळच्या हौथकडच्या तारा तोडायला पाठवलं होतं, परत शहरात जाता येईना म्हणून तो ॲशला येऊन मिळाला. नशिबाने मिळालेला माणूस. माणसांच्या चार तुकड्या, रोज एकीने रसद बघायची, बाकीच्यांनी पुढची कामगिरी, ही घडी तिथे बसली. स्वोर्ड्‌स, डोनाबेट, गॅरिस्टाउन इथल्या पोलीस चौक्या त्यांनी आधीच्या दोन दिवसांत घेतल्या होत्या. शुक्रवारी निघाले होते रेल्वे तोडायला. ॲशबोर्नची चौकी वाटेत होती. ती शरण यायच्या बेतात असताना मोटारी आल्या.

तुमच्यापैकी काहींनी बांधावरच्या कुंपणाची कृती विचारली होती म्हणून सांगतो. नारळाची शेंडी विंचरून, सुटी करून, पातळ फेविकॉलमध्ये बुडवून वाळवायची. वर बारीक लाकडी भुसा, पोस्टर कलरमध्ये रंगवलेला. पहिल्या वेळी मी गर्द हिरवा केला आणि सगळं पावसाळ्यातलं मुळशी दिसायला लागलं. एप्रिलअखेरीस तिकडे कोवळी पालवी असते, ॲशची झाडं (हो, झाडाचंही तेच नाव) तर अजून उघडीच असतात. म्हणून पोपटी, मधेच तपकिरी काटक्या, आणि गॉर्सच्या झुडपांना पिवळ्या रंगाचे ठिपके. रस्ता खडी दाबून केलेला, डांबराचा नाही. त्या आठवड्यात हवा कोरडी होती, म्हणून वर पांढरी रांगोळी गाळून शिंपडली आणि मॅट वार्निशने पक्की केली. आईची रांगोळीची डबी परत भरून ठेवायची आहे.

बंदुका. व्हॉलंटिअर्सकडे जे हाती लागेल ते होतं, त्यात हौथ माउझर. १९१४च्या जुलैमध्ये एर्स्किन चिल्डर्सच्या नौकेतून हौथ बंदरात ९०० उतरवल्या होत्या. जर्मन, १८७१च्या बनावटीच्या, ११ मिलिमीटरच्या, एका वेळी एकच गोळी, काळी दारू. लांबी १.३५ मीटर, म्हणजे आपल्या मापात जवळजवळ १९ मिलिमीटर. माणसाच्या हातात ती बांबूसारखी दिसते. मी चार वेळा मोजलं, बरोबर आहे. पोलिसांच्या ली-एन्फिल्ड कार्बाइन त्या मानाने बऱ्याच आखूड. काळ्या दारूचा धूर दाखवायचा म्हणून कापूस लावून बघितला, गादी उसवल्यासारखं दिसलं. काढला.

गणवेशाचा रंग हा आरआयसीचा सर्वांत अवघड भाग. इतका गडद हिरवा की काळाच वाटतो. (१९२०मध्ये नव्या भरतीला पुरेसे गणवेश नव्हते म्हणून हाच गडद रंग आणि खाकी अशी सरमिसळ झाली आणि "ब्लॅक अँड टॅन्स" हे नाव पडलं.) १/७२ला सरळ काळपट हिरवा मारला तर कोळशाचे गोळे दिसतात. मी काळ्यात हिरवा आणि चिमूटभर करडा मिसळून शाळेतल्या जुन्या फळ्याचा रंग आणला, कडांवर फिकट ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशचा हात.

आणि डोकी. आयरिश व्हॉलंटिअर्सची तयार किटं या स्केलला मला मिळाली नाहीत, म्हणून धडं वेगवेगळ्या किटांतली, पण डोकी सगळी एकाच स्प्रूमधली, म्हणजे किटचे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिच्यातली. एकाला टोपी पोलिसाची, दुसऱ्याला शेतकऱ्याची चपटी. रंगवताना एका रांगेत काड्यांवर टोचून ठेवली होती, त्वचेचा रंग सगळ्यांना एकदम दिला, टोप्या अजून रंगवायच्या होत्या. माझा भाचा आला आणि म्हणाला, "मामा, यातले आयरिश कुठले?" मी म्हटलं, सगळेच. पोलिसांतले साधे शिपाईही बहुतेक शेतकऱ्यांचीच पोरं, बहुतेक कॅथलिक, फक्त स्वतःच्या काउंटीत नेमणूक मिळायची नाही. तो म्हणाला, "मग इंग्रज?" या पायावर इंग्रज लष्कराचा एकही सैनिक नाही. डोकी बदलायचा विचार त्यानंतर सोडून दिला.

कुठला क्षण पकडायचा, हे मी या नोंदीत बदलतोय. पहिल्या आराखड्यात मल्काही आणि त्याची माणसं संगिनी रोखून रस्त्यावरून धावतायत असं होतं. तशी धाव खरंच झाली. पण पाच तासांतला तो तुकडा केवढासा, आणि आठ पुतळे उभे करून बघितले तर सगळा डायोरामा कॅलेंडरवरच्या चित्रासारखा झाला. शिवाय पाच तास जे उभे राहिले असते ते उरलेच नसते. आता सगळे आडवे. काही बांधाला चिकटून, काही मोटारींच्या खाली. पोलिसांचा काउंटी इन्स्पेक्टर ग्रे सुरुवातीलाच जखमी झाला, तो पहिल्या मोटारीजवळ. (तो १० मे रोजी मेला. त्याला धरून आठ पोलीस गेले, व्हॉलंटिअर्सपैकी जॉन क्रेनिगन आणि टॉमस रॅफर्टी. रस्त्यावर सापडलेले नागरिकही मेले.) आणि पायाच्या पुढच्या कोपऱ्यात, हत्यारं टाकल्यानंतरचा एकच प्रसंग: बटालियनचा डॉक्टर रिचर्ड हेज एका पोलिसाला पट्टी बांधतोय. हेजने दोन्हीकडच्यांना उपचार दिले. एकाच पायावर दोन वेगळ्या वेळा दाखवणं नियमात बसत नाही, हे मला ठाऊक आहे. स्पर्धेत गुण कापले तर कापू देत.

ॲश स्वतः चौकाशी उभा, एकटाच उभा. लस्कजवळच्या कॉर्डफचा शाळामास्तर, बॅगपाइप वाजवणारा, उंचापुरा. पकडलेल्या पोलिसांना त्याने तंबी देऊन सोडून दिलं, आणि दोन दिवसांत डब्लिनहून शरणागतीचा हुकूम आल्यावर जिंकलेली तुकडी स्वतःच शरण गेली. ॲशला मृत्युदंड झाला, तो बदलला. पुढच्या वर्षी पुन्हा तुरुंगात उपोषण केलं, जबरदस्तीने नळीने अन्न घालताना प्रकृती बिघडली आणि २५ सप्टेंबर १९१७ रोजी तो गेला. थडग्यावर बंदुकांची सलामी झाल्यावर पुढे आयर्लंडचा मोठा नेता झालेला मायकेल कॉलिन्स दोन वाक्यं बोलला, संपलं. ॲशच्या पुतळ्याला मी गणवेश दिलाय, पण अजून चेहरा रंगवायचा धीर होत नाही.

एक अवांतर: त्याच एप्रिलच्या अखेरीस बेळगावात टिळकांनी होमरूल लीग काढली. शब्द आयर्लंडचाच. तिकडे मात्र त्या आठवड्यात होमरूलवाले मागे पडले आणि बंदूकवाले पुढे आले.

उरलेलं काम: सहा सायकली (ब्रासच्या, स्पोक्स बघून डोळ्याला पाणी येतं), मोटारींच्या काचा, चौकातला दिशादर्शक खांब आणि हेजची बॅग. बॅग तीन मिलिमीटरची आहे आणि काल फरशीवर पडली. केरसुणी फिरवायला घरात सगळ्यांना मनाई केलीय.