तुम्ही विचारलंत म्हणून: निळू फुले म्हणजे नुसता खलनायकच का?

'बाई, वाड्यावर या' अशी त्यांची घोगरी नक्कल करून झाली की पुढचा प्रश्न हाच असतो.

आधी 'सामना' बघा, आणि तो डोक्यात ताजा आहे तोवर 'सिंहासन' (१९७९). दोन्हींचं दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, लेखन विजय तेंडुलकरांचं, आणि दोन्हींत डॉ. श्रीराम लागू आहेत. इतकं सगळं सारखं असल्यामुळे फुल्यांनी स्वतःत काय बदललं ते स्वच्छ दिसतं.

'सामना'तला हिंदुराव धोंडे-पाटील साखरसम्राट आहे. लागूंचा दारुडा मास्तर गावातून नाहीशा झालेल्या माणसाबद्दल 'मारुती कांबळेचं काय झालं?' हे एकच पालुपद लावून बसतो. दुसऱ्या एखाद्या नटानं इथे डोळे वटारले असते. फुले पाहुणचार करतात! आवाज खाली, पापण्या अर्धवट मिटलेल्या, वाक्याचं शेपूट जवळजवळ गिळलेलं. पलीकडच्याला कान द्यावा लागतो, आणि हिंदुरावाचा दरारा नेमका तिथून येतो. (हेडफोन लावाच, जुन्या प्रिंटमध्ये ही शेपटं हरवतात.) नक्कल फसते तीही इथेच. नकलाकार घोगरेपणा उचलतात, थांबणं सोडून देतात.

'सिंहासन'मधला दिगू टिपणीस पत्रकार आहे. त्याच्या हातात सत्ता नाही, तो नुसता बघतो. त्यामुळे आवाजाची ती युक्ती इथे कामाची नाही. इथे फुले ऐकण्याचा अभिनय करतात. समोर मंत्री बोलत असला तरी नजर दिगूवर ठेवा. नाहीतर शेवटचं त्याचं वेड्यासारखं हसणं अचानक आल्यासारखं वाटेल.

'एक गाव बारा भानगडी'तल्या (१९६८) झेलेअण्णानं त्यांना नाव दिलं आणि साचाही दिला. पुढे त्याच त्या सरपंच-पाटलांत त्यांनी स्वतःला वाया घालवलं, ही टीका निम्मी खरी आहे. त्यातले बरेच चित्रपट आज बघवत नाहीत. पण दोष भूमिकांच्या लिखाणाचा. पाटलाला हेतूच दिलेला नसेल तर नट काय करणार? 'सारांश'मधला (१९८४) गजानन चित्रे तसा ओळखीच्याच जातकुळीतला, हिंदी बोलणारा पुढारी. लिखाण नेमकं असल्यामुळे थोडक्या प्रसंगांतही तो अंगावर येतो.

तेंडुलकरांच्याच नाटकातला, मंचावरचा त्यांचा सखाराम बाइंडर मात्र आता बघायला मिळणं नाही.