गुणसूत्रांचा सायनोटाइप: नऊ क्रमांकाच्या जोडीचा बंदोबस्त

माझ्या स्वतःच्या गुणसूत्रांचा कॅरिओग्राम, म्हणजे सगळ्या जोड्या क्रमाने मांडलेले चित्र, सायनोटाइपने (लोहक्षाराचा लेप दिलेल्या कागदावर प्रकाशाने निळी प्रतिमा उमटवण्याच्या छपाईने) छापून भिंतीवर लावण्याचा बेत मागील नोंदीच्या शेवटी जाहीर केला होता. तो पूर्ण कॅरिओग्राम अद्याप भिंतीवर चढलेला नाही, आणि आता तो चढेल असे वाटतही नाही. पूर्ण मापाचा पहिला सायनोटाइप धुऊन वाळवला तेव्हा बाकीच्या जोड्या व्यवस्थित उमटल्या होत्या. नवव्या जोडीतील एक गुणसूत्र मात्र सेंट्रोमिअरच्या, म्हणजे दोन भुजांमधल्या कमरेच्या, खाली चक्क दोन तुकड्यांत उतरले होते. वर आखूड भुजा, मध्ये बोटभर कोरा कागद आणि त्याखाली लांब भुजेचा उरलेला भाग.

ज्यांना माझा अहवाल आठवत असेल, त्यांना यातील पीडा सहज कळेल. त्यावर '४६,एक्सएक्स,९क्यूएच+' असे लिहिलेले आहे, म्हणजे माझ्या एका नवव्या गुणसूत्रावर सेंट्रोमिअरलगतचा हेटरोक्रोमॅटिनचा (घट्ट गुंडाळलेल्या, पुनरावृत्तीने भरलेल्या डीएनएचा) भाग नेहमीपेक्षा लांब आहे. आरोग्याच्या दृष्टीने हे निरुपद्रवी वैविध्य समजले जाते. चित्राच्या दृष्टीने मात्र सगळा जीव तिथेच आहे. पट्ट्यांचा क्रम तुमचा-माझा सारखाच असतो. जी-बँडिंगच्या, म्हणजे जीम्सा रंगाने गुणसूत्रांवर आडवे पट्टे उमटवलेल्या, स्लाइडवर निरोगी माणसामाणसांत जे फरक डोळ्यांना दिसतात, ते मुख्यतः १, ९ आणि १६ यांच्या हेटरोक्रोमॅटिनमध्ये, १३, १४, १५, २१ आणि २२ यांच्या आखूड भुजांवर आणि वाय गुणसूत्राच्या लांब भुजेच्या टोकाला. एरवी शेजाऱ्यांचा कॅरिओग्राम आणून लावला तरी पाहुण्यांना पत्ता लागायचा नाही. आणि नेमकी तीच जागा कागदावर कोरी!

कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. जी-बँडिंगमध्ये १ आणि १६ यांचे हेटरोक्रोमॅटिन गडद रंगते, पण नवव्याचे बहुधा फिकट राखाडी राहते. जीम्सा तिथे धरतच नाही म्हटले तरी चालेल. सायनोटाइपची छटांची पट्टी मुळातच तोकडी असल्यामुळे इतका फिकट राखाडी रंग पाण्याबरोबर धुऊन जातो. निगेटिव्हची कर्व्ह उचलून, म्हणजे फिकट छटा ठळक करून, पाहिली, तेव्हा राखाडी भाग दिसू लागला खरा, परंतु त्याच्याबरोबर स्लाइडवरील पेशीद्रवाचा मळकट पडदाही निळा होऊन गुणसूत्रांभोवती पसरला. एक्स्पोजर वाढवले की गडद पट्टे एकमेकांत मिसळतात, कमी केले की गुणसूत्र पुन्हा तुटते.

त्यात प्रयोगशाळेने पाठवलेली प्रतिमा म्हणजे अहवालाच्या पीडीएफमध्ये चिकटवलेली जेपेग होती, आणि त्यांच्या सॉफ्टवेअरने प्रत्येक गुणसूत्राच्या कडेला कृत्रिम पांढरी झालर लावून ठेवली होती. मूळ मेटाफेजच्या (विभाजनाच्या टप्प्यात थांबवलेल्या पेशींच्या) टिफ फाइली मिळवण्यासाठी इतके फोन करावे लागले की स्वागतकक्षातील बाई माझा आवाज ओळखू लागल्या. नव्याने या नादाला लागणाऱ्यांनी रक्ताचा नमुना देतानाच असंस्कारित प्रतिमांची मागणी लेखी नोंदवावी. नेहमीच्या तपासणीत साधारणपणे २० पेशी पाहिल्या जातात. त्यांपैकी जितक्यांची छायाचित्रे मिळतील तितकी मागून घ्यावीत. त्यांचा उपयोग पुढे सांगते.

टिफ फाइलींमुळे झालर गेली, पण त्याहून मूलभूत अडचण उघडी पडली. माझे पहिले गुणसूत्र स्लाइडवर सुमारे ९ मायक्रोमीटर लांब आहे आणि भिंतीवर मला ते २७ सेंटिमीटर हवे होते, म्हणजे ३०,००० पट. तेलात बुडवलेली १.४ एनएची (एनए म्हणजे प्रकाश गोळा करण्याच्या क्षमतेचे माप) उत्तम भिंग घेतली तरी हिरव्या प्रकाशात साधारण ०.२४ मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. त्यापुढचे मोठेपण पोकळ असते. छायाचित्रासारखी सलग छटा छापण्याचा हट्ट धरला, तर मोठ्या मापात हाती येतो तो लोण्यासारखा गुळगुळीत धूसरपणा, आणि तो घालवण्यासाठी सॉफ्टवेअरने काढलेली धारदार कड म्हणजे शुद्ध थाप.

तेव्हा सलग छटाच सोडून दिली. इमेजजे या प्रतिमा मोजण्याच्या सॉफ्टवेअरमधील सरळ करण्याच्या आज्ञेने वाकलेले गुणसूत्र मध्यरेषेवर सरळ केले. वळणाच्या बाहेरच्या बाजूचे पट्टे ताणले जातात म्हणून घनतेचे मोजमाप केवळ मधल्या निम्म्या रुंदीतून घेतले. मग दर ०.१२ मायक्रोमीटरला, म्हणजे ०.२४ च्या त्या मर्यादेच्या निम्म्या अंतरावर, एक आडवी रेघ ठेवली. रेघेची लांबी म्हणजे त्या ठिकाणची गुणसूत्राची रुंदी, आणि रेघेची जाडी म्हणजे तिथल्या रंगाची घनता. पायथनने आकडे काढायचे, इंकस्केपमध्ये रेघा तपासायच्या आणि फिल्मवर छापायच्या. निगेटिव्हमध्ये आता मधली छटाच नसल्याने सायनोटाइपच्या तोकड्या पट्टीशी भांडण उरत नाही. कितीही फिकट भाग असला तरी तिथे बारीक का होईना, रेघ असतेच, त्यामुळे गुणसूत्र तुटत नाही. फिकट हेटरोक्रोमॅटिन बारीक रेघांचा एक लांब, शांत पट्टा म्हणून उतरले आणि जोडीतील दोन भावंडांतील फरक दोन पावलांवरूनही दिसू लागला. त्या दिवशी घरात येईल त्याला ओल्या कागदासमोर उभे केले.

कागदाविषयी थोडे. पुण्यातील शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणलेल्या कागदावर रेघांच्या कडा मला समाधानकारक वाटल्या. कागद कुठलाही असो, लेप देण्यापूर्वी त्याच्या कोपऱ्यावर सायट्रिक आम्लाचा थेंब टाकून पाहावा. बुडबुडे आले तर त्यात खडूची भर आहे आणि प्रशियन निळा रंग अशा अल्कधर्मी कागदावर टिकत नाही. लेपातील फेरिक अमोनियम सायट्रेट या लोहक्षाराच्या बाबतीत मात्र माझा संयम संपला आहे. एका पुरवठादाराने पावसाळ्यात सैल झाकणाची बाटली पाठवली आणि आत भुकटीऐवजी गुळाची ढेप निघाली. तो माल आता नेहमी उन्हाळ्यातच भरून ठेवणार.

निळा रंग सुंदर असला तरी जीम्साचा जांभळेपणा त्यात नाही. म्हणून एक प्रत धुण्याच्या सोड्याच्या पातळ द्रावणात पिवळी पडेपर्यंत फिकी केली आणि हिरड्याच्या गाळलेल्या काढ्यात बुडवली. टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाने रेघा आधी करड्या आणि मग जांभळट काळ्या झाल्या. काढा नीट गाळला नाही तर कागद चहा सांडल्यासारखा पिवळसर होतो, हे लक्षात ठेवावे.

वर लिहिता लिहिता अनेक पेशींच्या छायाचित्रांचा विषय निघाला, आणि त्यातूनच पूर्ण कॅरिओग्रामचा बेत मोडीत निघत आहे. एका पेशीतील घनतेच्या आलेखात गोंगाट फार असतो. अनेक पेशींची सरासरी घेतली तर तो बसतो. पेशीपेशीत गुणसूत्रे कमीअधिक आखडलेली असतात, म्हणून सेंट्रोमिअर शून्यावर ठेवून दोन्ही भुजांचे माप स्वतंत्रपणे जुळवावे लागते. खरी मेख पुढे आहे. बहुतेक जोड्यांत या पेशीतले डावे गुणसूत्र म्हणजे त्या पेशीतले कोणते, हे सांगता येत नाही, आणि सरासरीत दोघांची खिचडी होते. माझ्या नवव्या जोडीत मात्र लांब हेटरोक्रोमॅटिन हीच ओळखीची खूण आहे. गुणसूत्रांना क्रमांक आणि गट देणाऱ्या १९६० च्या डेन्व्हर पद्धतीच्या काळात, बँडिंग येण्यापूर्वी, नववे गुणसूत्र सी गटाच्या, म्हणजे एकसारख्या दिसणाऱ्या मध्यम आकाराच्या गुणसूत्रांच्या, गर्दीत खात्रीने निवडणेही कठीण होते. आज मला माझी दोन नववी एकमेकांपासून वेगळी काढता येतात. २००३ साली मानवी जीनोम पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तेव्हाही असे पुनरावृत्तीने भरलेले भाग न वाचलेलेच होते. ते २०२२ मध्ये वाचून झाले.

तेव्हा शेहेचाळीसांचा संसार बंद. केवळ नववी जोडी, एक लाख पट. माझ्या पेशींत ती सुमारे ५ मायक्रोमीटरची आहे, म्हणजे कागदावर ५० सेंटिमीटर. बावीस बाय तीस इंची एका कागदावर दोन्ही शेजारी शेजारी बसतील आणि रेघांतील अंतर १२ मिलिमीटर येईल.

स्थिरीकरण केलेल्या पेशींचा उरलेला साठा प्रयोगशाळेत अजून गोठवलेला आहे, असे आज दुपारी कळले. त्यातून सी-बँडिंगची एक स्लाइड करून मिळाली, तर त्यात नवव्याचे हेटरोक्रोमॅटिन गडद येईल आणि तेवढाच भाग हिरड्याच्या काळ्यात, बाकीचे निळ्यात, असे दोन थरांत छापता येईल. ही लांबी आईकडून किंवा वडिलांकडून जशीच्या तशी आलेली असण्याचा संभव मोठा आहे. रक्ताचा नमुना देशील का, असे आईला विचारले आहे. सुई किती जाड असते, एवढाच तिचा प्रश्न होता. दोन थर जुळवण्यासाठी सायनोटाइपवर खिळ्यांची चौकट कोणी वापरली असेल, तर ओला कागद वाळताना आक्रसतो त्याचा हिशेब कसा ठेवला ते कळवावे.