पुलाले पानी काहून पाजता?

"आमाले प्याले पानी नाही अन् तुमी पुलाले पाजता साहेब?" मे महिन्यात हे मला रोज कोणी ना कोणी विचारतं. दर्यापूरकडे एका नाल्यावर आमच्या पुलाचं काम चालू आहे, टँकर आला की बायका गुंड घेऊन येतात अन् बाजूलाच आमचा पाईप लागलेला असतो. राग येणारच. म्हणून नीट सांगतो.

काँक्रीट वाळून पक्कं होत नाही. सिमेंट अन् पाणी यांची क्रिया होऊन ते पक्कं होतं, आणि ती क्रिया चालू राहायला पाणी आत टिकलं पाहिजे. इकडे ४४-४५ डिग्री ऊन, त्यात झळा, वरचं पाणी उडून गेलं की बारीक तडे जातात. स्लॅब आम्ही रात्री टाकतो तो याच्यासाठीच. आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटच्या कामाचा भारतीय मानक कोड, सांगतो की अशा कोरड्या उन्हात कमीत कमी १० दिवस काँक्रीट ओलं ठेवा. माझ्या आधीच्या साईटवर पाणी मारणारा माणूस लग्नाला गेला, मी दुसऱ्या कामात, दीड दिवस कोणी पाहिलं नाही अन् कॅपवर (खांबाच्या डोक्यावरच्या काँक्रीटवर) केसासारख्या भेगा आल्या. त्या भेगा अजून डोळ्यासमोर आहेत.

मग म्हणतात बोअरचं मारा ना. तेच तर जमत नाही! हा खारपाणपट्टा आहे, पूर्णेच्या खोऱ्यातलं जमिनीखालचं पाणी खारट. लोखंड असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराईड (मिठातला खार) लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, कारण खाराने आतली सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, फुगतो, अन् वरचं काँक्रीट खपल्यांसारखं पडतं. म्हणजे जे पाणी तुम्हाला गोड लागतं तेच पुलाला लागतं, अन् खरं भांडण इथंच आहे.

मग पाणी वाचवायचं कसं? आम्ही स्लॅबवर आळी करून पाणी साठवणं बंद केलं, ते उन्हात उडूनच जात होतं. आता ओला बारदाना टाकतो, वर प्लास्टिक, कडा दगडानं दाबून. सकाळ-संध्याकाळ हात घालून बघतो.

आणि बायकांचे गुंड भरल्याशिवाय पाईप लावायचा नाही असं टँकरवाल्याला सांगून ठेवलंय. अर्धा तास जातो आमचा, पण प्लास्टिकखालचा बारदाना तेवढ्यात वाळत नाही.