फ्रान्समध्ये दुपारी चारची भूक

मुलांना घेऊन फ्रान्सला निघालेल्या मैत्रिणी मला हॉटेलांबद्दल विचारतात. मी आधी सुपरमार्केटबद्दल सांगते. तिथल्या बऱ्याच रेस्टॉरंटांची स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या सुमाराला बंद होतात, ती थेट संध्याकाळी सातला उघडतात. मधल्या वेळात दिवसभर चालून दमलेली मुलं आणि आपण! तिथल्या मुलांनाही शाळा सुटल्यावर भूक लागतेच. त्या वेळच्या खाण्याला 'गुते' म्हणतात आणि मोनोप्री, कारफूर या सुपरमार्केटांमध्ये त्याचे कप्पेच्या कप्पे भरलेले असतात.

पहिली खरेदी पोमपोतची. सफरचंदाचा शिजवलेला गर, झाकणाच्या छोट्या पाऊचमध्ये. चमचा लागत नाही, सांडत नाही, फ्रिजची गरज नाही. साखर न घातलेलाच घ्या, सफरचंदाची गोडी पुरते.

ट्रेनसाठी पती-बर. नाँत शहरातल्या लू कंपनीचं हे बिस्कीट 1886 पासून चालत आलंय. चार कोपऱ्यांचे कान धरून मोजली तर कडेला 52 टोकं: वर्षाचे आठवडे. कोपरे म्हणजे ऋतू आणि अंगावरची 24 टिंबं म्हणजे दिवसाचे तास, असं सांगतात. आमच्या धाकट्याने ती मोजल्याशिवाय एकही बिस्कीट तोंडात घातलं नाही. पॅरिस ते ल्याँ प्रवासात मला निवांत खिडकीबाहेर बघता आलं!

माझं स्वतःचं सगळ्यात लाडकं मात्र पती-स्विस. नाव स्वित्झर्लंडचं, पण पदार्थ नॉर्मंडीचा. बोटभर उंचीच्या डब्या, आत कागदात गुंडाळलेलं मऊ, ताजं चीज. कागद सोडवून बशीत घ्यायचं, वर साखर किंवा जॅम. चव थेट आपल्या चक्क्याची! साखर नीट घोटली तर श्रीखंड आवडणारं कुठलंही मूल वाटी चाटून पुसून संपवतं. साधंच घ्या, फळांचं फार गोड असतं. आणि चमचे घरूनच न्या.

माझ्या सासूबाई आमच्यासोबत होत्या. त्या अंडंसुद्धा खात नाहीत, त्यामुळे पाकिटाची मागची बाजू वाचायची सवय आम्हा सगळ्यांनाच लागली. मादलेन (छोटे केक) आणि ब्रिओश (मऊ, गोडसर पाव) दोन्हींत अंडं असतं. चघळायच्या रंगीत गोळ्यांत बहुतेकदा जिलेटिन असतं आणि ते पुष्कळदा डुकराचं असतं, तेव्हा मुलांनी हट्ट धरला तरी आधी वाचा. चीजचं वेगळंच. कोंते हे प्रसिद्ध चीज नियमानुसार वासराच्या पोटातल्या रेनेटनेच, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या विरजणासारख्या पदार्थानेच बनतं. पती-स्विससारख्या ताज्या चीजमध्येही रेनेट असू शकतं, म्हणून कडक शाकाहारी असाल तर घटकांत 'प्रेझ्युर' (रेनेटचं फ्रेंच नाव) शोधा.

सासूबाईंसाठी उपाय फार सोपा निघाला, आणि तो खास तिथल्या मुलांचाच: ताज्या बॅगेटचा (लांबट फ्रेंच पावाचा) तुकडा मधोमध चिरायचा आणि आत काळ्या चॉकलेटच्या दोन वड्या सरकवायच्या. पाव कोमट असेल तर चॉकलेट जरासं वितळतं. त्यांना हे इतकं आवडलं, की नंतर बेकरी दिसली की त्याच आधी थांबायच्या.

चिप्स आपल्याकडेही मिळतात, त्यावर बॅगेतली जागा घालवू नका. फळं मात्र जरूर घ्या. काही दुकानांत ती आपणच वजनकाट्यावर ठेवून किमतीचं स्टिकर काढायचं असतं. ते काम मुलांना द्या, त्यांना फार आवडतं.

रविवारी दुपारनंतर पुष्कळ सुपरमार्केटं बंद असतात, विशेषतः लहान गावांत. सोमवार सकाळपर्यंतचा खाऊ शनिवारीच भरून ठेवा.