तंबाखूच्या माना आणि शाळूची काटकसर

निपाणीजवळच्या आमच्या रानात तंबाखू आणि शाळू यांच्यामध्ये केवळ एक बांध आहे. ऑक्टोबरच्या भर दुपारी तंबाखूची रुंद पाने माना टाकत आणि मी पाणी सोडायला निघालो की वडील म्हणत, "दिवस कलू दे, मग बघ." संध्याकाळी पाने बहुधा आपोआप सावरलेली असत. जमिनीत ओल होतीच. मुळे पुरवतील त्याहून अधिक वेगाने पाने पाणी उडवत होती, इतकेच.

हे पाणी ज्या पर्णरंध्रांतून जाते ती पाहण्यासाठी पुढे मी पानांवर पारदर्शक नेलपॉलिश लावून त्याचा वाळलेला पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तंबाखूचे पान लवेचे आणि चिकट, त्यामुळे त्याचा ठसा काही नीट उमटला नाही. शाळूची रंध्रे मात्र पेरणीच्या ओळींसारखी रांगेत दिसली आणि प्रत्येक रंध्राच्या दोन्ही बाजूंना डंबेलच्या आकाराची एकेक रक्षक पेशी होती. सकाळी प्रकाश पडला की या पेशी प्रोटॉन बाहेर टाकतात, त्यामुळे पोटॅशियम आत शिरते, त्यामागोमाग पाणी येते आणि पेशी फुगून मधली फट उघडते. माती सुकू लागली की ॲब्सिसिक आम्ल या वनस्पतीच्याच संप्रेरकाच्या इशाऱ्यावर हाच व्यवहार उलटा होतो.

फट मिटली की पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, म्हणजे अन्न बनवणे थांबते. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवण्यासाठी तंबाखूसारख्या वनस्पतीला पाण्याचे सुमारे ४०० रेणू गमवावे लागतात, तर शाळूच्या गटातल्या वनस्पतींना साधारण १५०. शाळूच्या पानात हा वायू आधी एकवटला जातो आणि मग वापरला जातो, म्हणून त्याला फट किलकिली ठेवूनही भागते. काळ्या जमिनीतल्या साठलेल्या ओलीवर तो महिनोन्‌महिने काढतो त्याचे एक कारण हे आहे. (मुळे खोल जातात हे दुसरे, आणि माझ्या मते तेवढेच मोठे.)

ओल फारच हटली की शाळूचे पान स्वतःची सुरळी करून रंध्रांवर आडोसा धरते. तशी सुरळी सकाळी ९ वाजताच दिसली, तर वडील दिवस कलायची वाट पाहत नसत. थेट मोटर चालू करायला जात.