काळ सांगणारी पोरं

अवघड कादंबरी वाचणाऱ्या माणसाकडे बाकीचे जरा संशयाने बघतात. याला खरंच कळतंय, की नुसतं मिरवतोय? संशय अगदीच अस्थानी नाही. अशी पुस्तकं हातात शोभून दिसतात, आणि त्यांतली खूण बहुधा विसाव्या पानाच्या आसपासच मुक्काम ठोकून असते.

अमेरिकन कादंबरीकार विल्यम फॉक्नरच्या ‘द साउंड अँड द फ्युरी’त माझीही खूण अशीच अडली होती. गंमत म्हणजे पहिल्या भागातली वाक्यं मुळीच अवघड नाहीत. लहान मुलाच्या तोंडी शोभावीत इतकी सोपी आहेत. कुंपणापलीकडे काही माणसं ‘मारताहेत’. झेंडा काढताहेत, परत लावताहेत. काय मारताहेत? सांगणारा सांगत नाही, कारण त्यालाच ते ठाऊक नाही. हा बेंजी. वय वर्षं ३३, बोलता येत नाही, आणि ‘आता’ व ‘तेव्हा’ यांतला फरक त्याच्या गावीही नाही. पलीकडे गोल्फ चाललाय हे आपलं आपण ओळखायचं. कुंपणातून जाताना तो खिळ्याला अडकतो आणि पुढच्या ओळीत आपण कित्येक वर्षं मागे, लहानपणच्या त्याच खोळंब्यात! मध्ये तारीख नाही, ‘त्याला आठवलं’ नाही. टाईप तेवढा तिरका होतो, आणि त्याचाही भरवसा नाही.

अशा वेळी आपण नावांना धरून चालू लागतो, तर नावंच दगा देतात. क्वेंटिन दोन आहेत: एक बेंजीचा भाऊ, दुसरी त्या भावाची भाची. जेसनही दोन: बेंजीचा बाप आणि त्याचा आणखी एक भाऊ. खुद्द बेंजीचं पाळण्यातलं नाव मॉरी, आईच्या भावावरून ठेवलेलं. पोर असं निघालं हे कळल्यावर आईने ते नाव काढून घेतलं. (या आईबद्दल बोलायला लागलो तर लेख तिथेच संपेल.)

वाट सापडते ती भलतीकडेच. बेंजीला सांभाळायला कायम कुणी ना कुणी पोरगा असतो. तो व्हर्श असेल तर बेंजीचं बालपण चाललंय. टी. पी. असेल तर मधली वर्षं. लस्टर असेल तर आज, म्हणजे ७ एप्रिल १९२८. एवढं ध्यानात आलं की पानं भराभर उलगडायला लागतात. पण मला खरी मजा त्याच्या पुढच्या पायरीवर आली. तारखा न कळणाऱ्या माणसाला काळ कळणार तरी कसा? आपल्यासोबत कोण आहे यावरूनच. म्हणजे मी शोधलेली युक्ती वाचकाची नव्हतीच, बेंजीची होती. गोंधळ उपसून त्याखालची गोष्ट काढू बघत होतो, आणि गोष्ट त्या गोंधळाचीच होती.

वेगवेगळ्या काळांसाठी वेगवेगळ्या रंगांची शाई वापरावी, असं खुद्द फॉक्नरलाच वाटत होतं. १९२९ साली, कादंबरी निघाली तेव्हा, ते जमण्यासारखं नव्हतं. २०१२ मध्ये फोलिओ सोसायटी या प्रकाशनसंस्थेने तशी १४ रंगांतली आवृत्ती काढली. ती मला बघायला जरूर आवडेल, पण पहिल्या वाचनासाठी कुणी फुकट दिली तरी नको. तीच गोष्ट १९४६ च्या परिशिष्टाची. त्यात लेखकाने या घराण्याची कुळकथा मांडली आहे, आणि काही आवृत्त्यांत ती चक्क सुरुवातीला छापली आहे. ती पानं सरळ ओलांडावीत.

कारण दुसऱ्या वाचनाचा धक्का बसायचा तर पहिल्यात थोडं चाचपडावं लागतं. पहिल्याच पानावर खेळणारे त्यांच्या पिशव्या वाहणाऱ्या पोराला ‘कॅडी’ अशी हाक मारतात आणि बेंजी कण्हू लागतो. पहिल्यांदा वाचताना ते आपल्या कानांवरून जातं. पुढे कळतं, की त्याच्यावर जीव लावणाऱ्या बहिणीचं नाव कॅडी होतं, ती आता घरात नाही, आणि हे मैदान म्हणजे त्याचंच कुरण, भाऊ क्वेंटिनच्या हार्वर्डच्या खर्चासाठी विकलेलं. मग ते पहिलं पान वाचवत नाही.

दुसरा भाग या क्वेंटिनचा, त्याबद्दल मी हातचं राखूनच बोलेन. त्यातली काही पानं मला अजूनही लेखकाने स्वतःच्या हौसेखातर लिहिल्यासारखी वाटतात. तिसरा भाग भाऊ जेसनचा. तिथे एकदाची सरळ, खमकी, हिशेबी भाषा भेटते आणि हायसं वाटतं. ते फार टिकत नाही. हा गृहस्थ भाचीसाठी आलेले पैसे गिळतो, आणि त्याचं वाक्य न् वाक्य आपल्याला पहिल्या फटक्यात कळत असतं.

चौथ्या भागात लेखक स्वतः सांगू लागतो आणि बेंजी पहिल्यांदाच बाहेरून दिसतो: थोराड देह, अस्वलासारखी चाल, ढिलं तोंड, फिकट निळे डोळे. वर्णन अचूकच असणार, लेखकाचंच तर आहे. तरी इतकी पानं त्याच्या आतून हिंडल्यावर मला ते पटलं नाही. लेखकाला अडवून सांगावंसं वाटलं, की अहो, तुम्ही याला नीट ओळखत नाही.